घरात रोपं वाढवायच्या छोट्या टेंटसाठी एलईडी दिवा निवडताना

खोक्यावर ठळक अक्षरात '१००० वॅट' छापलेलं असतं आणि आतला दिवा प्रत्यक्षात शंभरएक वॅटच वीज खातो. नवीन माणूस पहिल्यांदा फसतो तो इथेच. त्यामुळे दिव्याची निवड खोक्यावरून करायची नाही. आधी पीक ठरवायचं, मग त्याच्या पानावर किती उजेड पडायला हवा ते, मग जागा, आणि वॅट सगळ्यात शेवटी. मराठवाड्यात याला दोन गोष्टी आणखी जोडाव्या लागतात: एप्रिल-मेचा उन्हाळा आणि कधीही जाणारी लाइट. आपल्याकडे 'लाइट' म्हणजे वीजसुद्धा, म्हणून पुढे घोळ नको म्हणून ग्रो लाइटला सरळ दिवाच म्हणू.

टेंट म्हणजे पाइपांच्या सांगाड्यावरचा, आतून चकचकीत कापडाचा बंद तंबू. उदाहरणासाठी तो धरला आहे २ बाय २ फुटांचा, म्हणजे ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि १४० सेंमी उंच. फ्लॅटच्या कोपऱ्यात किंवा वाड्यातल्या आतल्या खोलीत तो सहज मावतो आणि त्यात प्रो-ट्रे (रोपं करायचे कप्प्यांचे ट्रे) दोन बसतात. ९८ कप्प्यांचे घेतले तर १९६ रोपं.

पहिलं काम: पीक ठरवा

'सगळंच थोडं थोडं लावू' म्हणून दिवा घेतला तर तो कशालाच धड पुरत नाही. पिकांचे ढोबळ तीन गट पडतात.

मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपं तयार करायची असतील तर मध्यम उजेड पुरतो, दिवसाला १४ ते १६ तास. कोथिंबीर, पालक, मेथी, लेट्यूस अशा पालेभाज्यांना त्याहून थोडा जास्त लागतो. आणि टेंटमध्येच मिरची फुलवून फळं घ्यायची असतील तर उजेड थेट दुप्पट लागतो. म्हणजे वीज दुप्पट, आणि उष्णताही दुप्पट.

पहिल्या वर्षी रोपं किंवा पालेभाजीच घ्या. फळांची मिरची १४० सेंमी उंचीच्या टेंटमध्ये अवघड जाते. २५ सेंमी कुंडीचे गेले, १५ सेंमी दिवा आणि त्याच्या दोऱ्यांचे गेले, ४० सेंमी दिवा आणि शेंड्यामधल्या अंतराचे गेले. झाडाला उरले ६० सेंमी. सारखे शेंडे खुडत बसावं लागतं. शिवाय पारा ३५ अंशांच्या वर राहिला की मिरचीची फुलं गळतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बंद खोलीतही तो आकडा सहज गाठला जातो.

दुसरं: उजेड कशात मोजतात

ल्युमेन आणि लक्स ही माणसाच्या डोळ्यासाठी केलेली मापं आहेत. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो, झाडाचं तसं नाही. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड वापरतं आणि तो मायक्रोमोलमध्ये, म्हणजे प्रकाशकणांच्या संख्येत मोजतात. दिव्याच्या माहितीपत्रकावर याचे तीन आकडे शोधायचे.

पीपीएफ म्हणजे दिव्यातून सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल बाहेर पडतात. पीपीएफडी म्हणजे त्यातले एका चौरस मीटरवर किती पोचतात. तिसरा आकडा कार्यक्षमतेचा, एका ज्यूल विजेमागे किती मायक्रोमोल मिळतात तो. दुचाकीच्या ॲव्हरेजसारखाच हा आकडा वाचायचा. चांगल्या दिव्यांचा २.५ ते २.८ असतो, स्वस्त दिव्यांचा १ ते १.५. हा आकडा माहितीपत्रकावर दिलेलाच नसेल तर तो दिवा बाजूला ठेवा. ज्याचा आकडा चांगला असतो तो विक्रेता तो लपवत नाही.

पानाच्या उंचीवर लागणारा उजेड असा धरा: रोपांना २०० मायक्रोमोल, पालेभाजीला २५०, फळं धरणाऱ्या मिरचीला ५००. तुलनेसाठी, भर दुपारी निरभ्र आकाशाखाली उघड्यावर साधारण २००० मायक्रोमोल असतात. झाड मात्र दिवसभरात मिळालेल्या एकूण उजेडावर वाढतं, म्हणून तास महत्त्वाचे. २५० मायक्रोमोलचा दिवा १४ तास चालला तर दिवसाला १२.६ मोल होतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). पालेभाजीला ते पुरेसे आहेत.

तिसरं: वॅटचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. टेंटचं क्षेत्र ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. पालेभाजीला २५० हवेत, म्हणून ०.३६ गुणिले २५०, झाले ९०. सगळा उजेड पानांवर पडत नाही. चकचकीत कापड असलं तरी भिंतींत, फटींत साधारण पाव हिस्सा जातो. म्हणून ९० ला ०.७५ ने भागा, आले १२०. दिव्याचा पीपीएफ निदान एवढा हवा. कार्यक्षमता २.५ असेल तर १२० भागिले २.५, म्हणजे ४८ वॅट. ५० वॅटचा दिवा पुरला.

याच रीतीने रोपांसाठी ४० वॅट येतात आणि फळांच्या मिरचीसाठी १०० वॅटच्या जवळपास. हे खरे, मीटरवर दिसणारे वॅट. कार्यक्षमता १.२ चा दिवा घेतला तर त्याच पालेभाजीला १०० वॅट लागतील आणि त्यातली जास्तीची वीज उष्णता होऊन टेंटमध्येच साठेल. मराठवाड्यात स्वस्त दिवा महाग पडतो तो याच कारणाने. बिल वाढतं ते वेगळं, खरी अडचण मे महिन्यात त्या उष्णतेचं काय करायचं ही आहे.

खरे वॅट घरीच तपासता येतात. प्लगमध्ये लावायचं वीज मोजणारं छोटं यंत्र मिळतं. ते नसेल तर घराच्या डिजिटल मीटरवर लुकलुकणारा लाल ठिपका पाहा. मीटरवरच एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि फक्त दिवा चालू ठेवा. ३२०० च्या मीटरवर १०० वॅटचा दिवा सव्वाअकरा सेकंदांनी एकदा लुकलुक करवतो, ५० वॅटचा साडेबावीस सेकंदांनी. दहा लुकलुकींचा वेळ घेऊन दहाने भागलं की आकडा पक्का मिळतो.

महिन्याचा खर्च काढणंही सोपं आहे. ५० वॅट रोज १४ तास म्हणजे ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. महावितरणच्या बिलात टप्पे असतात आणि हे २१ युनिट घरच्या वापराच्या वर चढतात. त्यामुळे गुणायचं ते तुमच्या बिलातल्या शेवटच्या, महागड्या टप्प्याच्या दराने.

चौथं: दिव्याचा प्रकार आणि रंग

जांभळा उजेड देणारे, फक्त लाल-निळ्या एलईडीचे दिवे घेऊ नका. त्यांच्याखाली झाड वाढतं, त्यात वाद नाही. पण त्या उजेडात पान पिवळं पडतंय का, फुलकिडे लागलेत का, चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) सुरू झालाय का, यातलं काहीच दिसत नाही. दिसतं तोवर अर्धा ट्रे गेलेला असतो. पांढरा दिवा घ्या. पांढऱ्याची छटा केल्व्हिनमध्ये सांगतात; रोपांना आणि पालेभाजीला ४००० केल्व्हिनच्या आसपासचा उत्तम. फळं घ्यायची असतील तर ३००० ते ३५०० केल्व्हिन आणि सोबत ६६० नॅनोमीटरचे गडद लाल ठिपके असलेला. अतिनील आणि अतिलालच्या वेगळ्या बटणांसाठी नवख्याने पैसे घालू नयेत.

आकारात मुख्यतः दोन जाती. सपाट बोर्ड स्वस्त असतो, पण उजेड मधोमध जास्त आणि कोपऱ्यांत कमी पडतो. पट्ट्यांचा दिवा उजेड सारखा पसरवतो आणि पिकाच्या जवळ लावता येतो. २ बाय २ च्या टेंटला बोर्ड पुरतो. ४ बाय ४ ला मात्र पट्ट्याच घ्या.

फक्त रोपंच करायची असतील तर ग्रो लाइट न घेताही भागतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या २ फुटी, १० वॅटच्या एलईडी पट्ट्या साधारण १००० ल्युमेनच्या असतात आणि पीपीएफ १४ च्या आसपास देतात. अशा सात पट्ट्या एका प्लायवर ओळीने लावल्या की दोन ट्रेंना पुरेसा उजेड होतो. वीज मात्र ४० च्या जागी ७० वॅट लागते. वर्षातून दोन महिने रोपं करणाऱ्याला हा सौदा परवडतो, बारमाही पालेभाजी घेणाऱ्याला नाही.

पाचवं: ड्रायव्हर

एलईडीचे ठिपके सहसा जळत नाहीत, जळतो तो ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला हवी तशी करून देणारा भाग. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पार खाली जातं आणि लाइट परत येताना झटका देऊन येते. म्हणून ड्रायव्हरवर छापलेली मर्यादा पाहा. १०० ते २७७ व्होल्ट असं काहीतरी हवं. '२२०–२४० व्होल्ट' एवढंच लिहिलेला ड्रायव्हर शहरात चालेल, तालुक्याच्या गावात त्याचा भरवसा नाही. झटका सोसण्याची क्षमता ४ किलोव्होल्ट किंवा जास्त लिहिलेली असेल तर उत्तम. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ड्रायव्हरवर आहे का तेही पाहून घ्या.

काही स्वस्त बोर्डांवर वेगळा ड्रायव्हर नसतो, २३० व्होल्ट थेट बोर्डावर येतात. बाजारात त्याला डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड) म्हणतात. टेंटसाठी तो नकोच. एक म्हणजे झटक्यात अख्खा बोर्ड जातो, आणि दुसरं, जास्त गंभीर: ओल्या हाताने ॲल्युमिनियमच्या पत्र्याला हात लागला आणि अर्थिंग नसलं तर शॉक बसू शकतो. टेंटचे पाइप लोखंडी, आत पाणी, दमट हवा. जुन्या घरात भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्यात तार जोडलेलीच नसते. दिवा आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. यात काटकसर करू नका.

ड्रायव्हर दिव्यापासून सुटा करता येत असेल तर तो टेंटबाहेर टांगा. दिव्याला येणाऱ्या विजेपैकी दहाएक टक्के ड्रायव्हरमध्ये उष्णता होऊन जाते, ती बाहेर राहिलेली बरी. बिघडला तर बदलणंही सोपं जातं. उजेड कमी-जास्त करायची कळ असलेलाच ड्रायव्हर घ्या. कोवळ्या रोपांना अर्धा उजेड द्यावा लागतो, तेव्हा ती रोज लागते.

सहावं: उष्णता

दिव्याने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी टेंटमध्ये उष्णता होते. ती पंख्याने बाहेर काढावी लागते. हिशेब असा: ५० वॅटचा दिवा असताना आतली हवा खोलीपेक्षा ३ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर तासाला ५० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. १०० वॅटला १०० घनमीटर. पाइपची वळणं आणि जाळी यांनी पंख्याचा जोर बराच कमी होतो, म्हणून छापील क्षमता दुप्पट धरून ४ इंची पंखा घ्या. तो वरच्या भोकाला लावा, आत येणारी हवा खालच्या भोकातून.

एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. पंख्याने टेंट खोलीपेक्षा थंड होत नाही. खोली ४० अंश असेल तर टेंट ४३. म्हणून खोलीची निवड दिव्याइतकीच महत्त्वाची. पत्र्याच्या खोलीत टेंट लावू नका. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोलीही मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. तळमजला बरा. लातूर, धाराशिव, बीडकडे अजून धाब्याची, माळवदाची घरं आहेत. त्यातली आतली खोली मिळाली तर त्याहून चांगली जागा नाही. जाड मातीची भिंत दुपारचं ऊन आत येऊ देत नाही.

उन्हाळ्यात कूलर कामाला येतो. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे कूलरची हवा बाहेरच्यापेक्षा दहाएक अंश थंड मिळू शकते. कूलर थेट टेंटवर सोडू नका. तो खोलीत चालू द्या आणि टेंटचं खालचं भोक त्याच्या बाजूला करा. पावसाळ्यात मात्र तोच कूलर बंद ठेवायचा. तेव्हा हवा आधीच दमट असते, थंडावा मिळत नाही आणि ओलाव्याने रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

आणि दिवा रात्री चालवा. रात्री ८ ते सकाळी १० अशी १४ तासांची पाळी मराठवाड्याला बाराही महिने लागू पडते. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हात दिव्याच्या उष्णतेची भर पडत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो तेव्हा तीच उष्णता रोपांना ऊब देते. मिरचीच्या बियांना उगवायला २५ ते ३० अंश लागतात, त्यामुळे हिवाळ्यात ट्रे उगवत नाही म्हणून बियांना दोष देण्याआधी थर्मामीटर पाहा. कोथिंबिरीला १२ तासच द्या. लांब दिवस आणि उष्णता एकत्र आली की ती पानं सोडून फुलोऱ्यावर जाते.

टायमर

बारीकशी वस्तू, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. गोल चकतीचा, खटके असलेला टायमर वीज गेली की थांबतो. रोज दोन तास वीज गेली तर सहा दिवसांत त्याचं घड्याळ बारा तास मागे पडतं. रात्री लागायचा दिवा भर दुपारी जळत राहतो आणि रोपं का करपली ते कळत नाही. आत सेल असलेला डिजिटल टायमर घ्या, तो वीज नसतानाही वेळ धरून ठेवतो. वायफायचा प्लग वापरत असाल तर वीज आल्यावर तो आधीच्या स्थितीत परत येतो का, ती सेटिंग पाहून ठेवा.

रात्री दोन-तीन तास वीज गेली म्हणून दिव्यासाठी इन्व्हर्टर दमवू नका. एवढ्याने झाड मरत नाही. इन्व्हर्टरवर पंखा मात्र ठेवा.

दिवा टांगणे आणि पहिली मोजणी

दोरीचे खटकेवाले हँगर दोन घ्या, म्हणजे उंची हाताने कमी-जास्त करता येते. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाशीच गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. रोपं ठेवण्याआधी एक दिवस रिकामा टेंट पूर्ण पाळीत चालवून आतलं तापमान पाहा.

नंतर उजेड मोजा. लक्समीटर असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचं लक्स ॲप. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला साधारण ६५ ने भागलं की मायक्रोमोल मिळतात. म्हणजे रोपांना १३,००० लक्स, पालेभाजीला सव्वासोळा हजार. जांभळ्या दिव्याखाली हे गणित पूर्ण चुकतं. मोबाइलचा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो, पण कोपरा आणि मध्य यांची तुलना त्याने नीट होते. पानाच्या उंचीवर नऊ जागी मोजा: चार कोपरे, चार कडा, एक मध्य. कोपऱ्यात मध्याच्या ६० टक्क्यांहून कमी येत असेल तर दिवा थोडा वर घ्या आणि कळ वाढवा. तरी कोपरे कमी राहिले तर ट्रे दर दोन दिवसांनी फिरवा.

सुरुवातीला अंतर असं ठेवा: कोवळ्या रोपांना ४५ ते ६० सेंमी आणि कळ अर्ध्यावर, चार पानांनंतर पालेभाजीला ३० ते ४५ सेंमी. मग रोपच सांगतं. देठ लांब, काटकुळे होऊन रोपं आडवी पडायला लागली तर उजेड कमी पडतोय. वरची पानं फिकट, पांढुरकी होत असतील किंवा कडा वर वळत असतील तर जास्त होतोय. दिवा वर घ्या, पाणी वाढवू नका. इथे बहुतेक जण पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. लेट्यूसच्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी झाली तर खताची कमतरता समजण्याआधी आतला छोटा पंखा चालू आहे का पाहा. हवा हलत नसेल तर कोवळ्या पानापर्यंत कॅल्शियम पोचत नाही.

फाल्गुन-चैत्रात धुळीचा थर दिव्यावर बसतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून, दिवा गार झाल्यावर, कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या.

टेंटमधलं रोप शेतात नेताना

खरिपासाठी मे महिन्यात मिरचीचं रोप तयार केलं आणि ३५-४० दिवसांनी सरळ शेतात लावलं तर दुसऱ्या दिवशी पानं पांढरी पडतात. कारण आकड्यांतच आहे: २०० मायक्रोमोलवर वाढलेलं पान एकदम २००० च्या उन्हात गेलं. पहिले दोन दिवस ट्रे फक्त सकाळी तासभर बाहेर ठेवा. पुढचे तीन दिवस शेडनेटखाली दुपारपर्यंत, मग शेडनेटखाली पूर्ण दिवस, आणि शेवटचे दोन दिवस उघड्यावर. एवढे सात ते दहा दिवस लागतात. या काळात पाणी थोडं हात राखून द्या. लागवड संध्याकाळी करा आणि पहिलं पाणी लगेच द्या.